दहिवर आणि जमिनीची ऊब

पौष-माघाच्या दिवसांत पंजाब, हरियाणा, उत्तर राजस्थान आणि पश्चिम उत्तर प्रदेश या भागांत एखादी निरभ्र, निवांत रात्र अशी येते की, सकाळी शेतकरी बांधावर जातो तेव्हा बटाट्याचे उभे पीक गेलेले असते. पाने उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी लिबलिबीत होतात, दुपारपर्यंत काळवंडतात आणि दोन दिवसांत वाळून जातात. त्याच गावात, कित्येकदा त्याच बांधाच्या पलीकडे, दुसऱ्याचे पीक मात्र हिरवे उभे असते. दोन्ही शेतांवर आकाश एकच होते, हवाही एकच होती. वेधशाळेने नोंदवलेले तापमान तर साऱ्या तालुक्याला एकच. मग एकाचे गेले आणि दुसऱ्याचे राहिले, ते कशाने? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दृष्टी स्वाभाविकपणे वर, आभाळाकडे जाते. या व्याख्यानात ती खाली, पायाखालच्या जमिनीकडे वळवावयाची आहे.

प्रथम शब्दांविषयी. भूपृष्ठालगतच्या वस्तूंचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेले म्हणजे गवताच्या पात्यांवर, काडीकचऱ्यावर, पिकाच्या पानांवर बर्फाचे जे पांढरे बारीक कण जमतात, त्यांना येथे दहिवर म्हटले आहे. हिंदी भाषक प्रदेशात त्याला ‘पाला’ आणि पंजाबात ‘कोरा’ म्हणतात. ‘पाला’ या शब्दाने मराठी श्रोत्याची थोडी फसगत होण्याचा संभव आहे. मराठीत पाला झाडाला असतो, हिंदीत तो झाडावर पडतो. आणि ‘पडतो’ हे क्रियापदही तसे फसवेच आहे, कारण दहिवर वरून पडत नाही. ते जेथे दिसते तेथेच तयार होते. हवा फार कोरडी असली तर पांढरे कण मुळीच जमत नाहीत, तरीही पानांतील पाणी गोठते आणि पीक मरते. राजस्थानातील शेतकरी याला ‘काला पाला’ म्हणतात आणि पांढऱ्यापेक्षा त्याला अधिक भितात. तेव्हा शेत पांढरे दिसले की नाही, यावरून हानीचे माप काढता येत नाही.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्याने तीन किंवा चार अंश दाखवले तरी त्याच पहाटे गवताच्या पात्यांवर तापमान शून्याखाली गेलेले असू शकते. म्हणूनच हवामानखात्याच्या वेधशाळांत गवताच्या शेंड्यांलगत उघड्यावर आणखी एक तापमापक ठेवून ‘तृण-नीचतम’ तापमान वेगळे नोंदवण्याची पद्धत आहे. पिकाचे मरण या दुसऱ्या तापमापकाच्या उंचीवर ठरते.

अशा रात्री उष्णतेचा जमाखर्च कसा चालतो ते पाहावे. वायव्येकडून आलेला पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, पाऊस थांबला, आकाश निवळले आणि त्यामागून कोरडी थंड हवा पसरली की, भूपृष्ठ आपली उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे टाकू लागते. आकाशही थोडे प्रारण परत पाठवते. ढग असले किंवा हवा दमट असली तर ही परतफेड बरीच होते; निरभ्र आणि कोरड्या रात्री ती अपुरी पडते. हिवाळ्याच्या बारा-तेरा तासांच्या अशा रात्रीत दर चौरस सेंटिमीटरमागे होणारा निव्वळ तोटा सुमारे ६० ते ८० कॅलरी भरतो.

हा तोटा भरून काढणारे तीन आहेत. पहिली हवा. वारा वाहत असेल तर वरची उबदार हवा खाली घुसळली जाते. वारा पडला की ही मदत थांबते आणि जमिनीलगत थंड हवेचा थर साचून राहतो. दुसरे दव. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी आणि त्या पाण्याचे बर्फ होताना आणखी ८० कॅलरी मोकळ्या होतात. म्हणून दमट हवेच्या रात्री दव पडू लागले की तापमानाची घसरण मंदावते. तिसरी जमीन. दिवसभर ऊन खाऊन तिने जी उष्णता आत मुरवलेली असते ती रात्री ती हळूहळू वर सोडते. पहिल्या दोहोंवर शेतकऱ्याची सत्ता नाही. तिसरीवर आहे, आणि ती किती आहे हे मातीच्या गुणधर्मांवर अवलंबून असते.

जमिनीची ही देवघेव फार खोलवर होत नाही. दिवसा तापण्याची आणि रात्री निवण्याची लाट साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत विरत जाते; त्याखाली तिचा मागमूस जवळजवळ उरत नाही. वार्षिक ऋतुमानाची लाट कित्येक मीटर खाली उतरते, पण एका रात्रीपुरता विचार करायचा तर वीत-दीड वीत खोलीच्या थरातच सारे भांडवल असते. या भांडवलाविषयी दोन गोष्टी विचाराव्या लागतात. ते किती आहे, आणि ते वेळेवर पृष्ठभागापर्यंत पोहोचते की नाही?

माती म्हणजे खनिजांचे कण, सेंद्रिय द्रव्य, पाणी आणि हवा यांचे मिश्रण होय. उष्णता साठवण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही. एक घन सेंटिमीटर पाणी एक अंशाने निवताना एक कॅलरी देते. तितकेच खनिज साधारण अर्धी कॅलरी देते आणि हवेचा वाटा नगण्य असतो. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत क्रम निराळा आहे. वाळूतील गारगोटीचा कण पाण्याच्या सुमारे पंधरापट उत्तम वाहक आहे, पाणी हे हवेच्या वीसपटींहून अधिक, आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य पाण्याच्या निम्म्याहूनही कमी.

यावरून वाळूची जमीन उष्णता झटपट वर आणील असे वाटेल. प्रत्यक्षात कोरड्या वाळूचे वर्तन अगदी उलट असते. तिचे कण एकमेकांना केवळ टोकाटोकाने टेकलेले असतात आणि मधल्या पोकळ्यांत हवा भरलेली असते. कण स्वतः कितीही चांगले वाहक असले तरी एका कणातून दुसऱ्यात जाण्याची वाट अरुंद. उष्णता तेथेच अडते. थोडी ओल मिळाली की कणांच्या सांध्यांवर पाण्याचे पातळ पापुद्रे धरतात आणि वाट रुंद होते. पूर्ण भिजलेल्या वाळूची वाहकता कोरड्या वाळूच्या सुमारे सातपट असते, आणि या वाढीचा मोठा हिस्सा पहिल्या थोड्या ओलीतच पदरात पडतो. त्याच वेळी साठाही वाढतो. कोरड्या वाळूचा एक घन सेंटिमीटर एका अंशामागे ०.३ कॅलरी देतो. तिच्यात पाचवा हिस्सा पाणी असेल तर ०.५. पाणी याहून अधिक घातल्याने साठा वाढत राहतो, पण उष्णतेची लाट खाली-वर जाण्याचा वेग मात्र पुढे वाढत नाही, काहीसा घटतोच. म्हणून या कामी ओल हवी, चिखल नको.

राजस्थानच्या शेखावाटीत आणि त्याच्या शेजारी चुरू जिल्ह्यात याचा पडताळा मिळतो. १ जून २०१९ रोजी चुरू येथे तापमान ५० अंशांच्या वर गेले होते, आणि त्याच चुरूत, तसेच जवळच्या फतेहपूर येथे, हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरल्याच्या बातम्या वारंवार येतात. मेघहीन आकाश आणि समुद्रापासूनचे अंतर ही कारणे आहेतच. पण कोरड्या वाळूचा वाटाही मोठा आहे. दिवसाचे ऊन ती खाली मुरू देत नाही, सारे वरच्या दोन-चार बोटांतच खेळवते. रात्री तेवढेच भांडवल तासा-दोन तासांत उडून जाते आणि खालची ऊब वर येत नाही. मोहरी आणि हरभरा यांच्या तेथील शेतकऱ्याला दहिवराची धास्ती असते ती यामुळे.

चिकणमातीची आणि पोयट्याची जमीन पाणी अधिक काळ धरून ठेवते. त्यामुळे सारख्याच रात्री ती रेताड जमिनीपेक्षा सहसा कमी निवते. तथापि हा गुण मातीच्या जातीचा नव्हे, तिने धरलेल्या पाण्याचा आहे. चिकणमाती वाळून तिची ढेकळे झाली, भेगा पडल्या, की तिची वाहकता कोरड्या वाळूहूनही थोडी कमी भरते.

सर्वांत कृपण जमीन म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, सेंद्रिय द्रव्याने भरलेली. ती वाळली की तिची वाहकता कोरड्या वाळूच्याही पाचव्या हिश्श्यावर येते. नीलगिरीच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील उदकमंडलमच्या परिसरात, दऱ्यांच्या तळाशी अशा काळ्या, स्पंजासारख्या मातीच्या दलदली आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दहिवर प्रथम याच तळांवर उतरते. उतारांवरून ओघळणारी थंड हवा तेथे साचते हे एक कारण; वरच्या थराची माती आणि तीवरील गवताची गादी खालची ऊब अडवून धरते, हे दुसरे. चहाची झुडपे या खोलगट भागांत होरपळतात आणि उतारावर वाचतात, हे मळेवाल्यांना अनुभवाने ठाऊक आहे. शोला वनांतील झाडांची रोपे शेजारच्या गवताळ माळावर का तगत नाहीत, याचे एक कारण वनस्पतिशास्त्रज्ञ तेथील दहिवर हेच देतात. वणवे आणि चराई यांचाही हात त्यांत असावा, असे मानणारेही आहेत.

जमिनीची ऊब तोडली तर काय होते, याचा फार मोठा प्रयोग या देशात शतकानुशतके होत आला होता. तो कोणा शास्त्रज्ञाने योजलेला नव्हता. बर्फ करणाऱ्या कारागिरांचा तो रोजचा धंदा होता. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अलाहाबाद आणि कलकत्ता यांसारख्या ठिकाणी, जेथे तळ्यातले किंवा टाकीतले पाणी नैसर्गिकरीत्या गोठलेले त्यांच्या पाहण्यात नव्हते, तेथे हे लोक बर्फ काढीत. मोकळ्या मैदानावर सुमारे ३० फूट लांबरुंद आणि २ फूट खोल खड्डे खणीत. तळाशी उसाची वाळलेली चिपाडे किंवा मक्याची ताटे यांचा आठ इंच ते फूटभर जाडीचा थर देत. आणि त्यावर पातळ मातीच्या, झिलई न केलेल्या उथळ परळांच्या ओळी मांडून त्यांत उकळून निववलेले पाणी संध्याकाळी ओतीत. रात्र निरभ्र आणि निवांत असली तर पहाटे परळांत बर्फ धरलेला असे. सूर्योदयापूर्वी तो गोळा करून साठवणीच्या खोल खड्ड्यात कुटून भरीत. वाऱ्याच्या किंवा ढगाळ रात्री कष्ट फुकट जात. पुढे १८३३ साली अमेरिकेतून जहाजाने तळ्यातील बर्फाचे ठोकळे कलकत्त्यास येऊ लागले आणि हा धंदा हळूहळू मागे पडला.

या बर्फाचे श्रेय आरंभी बाष्पीभवनाला दिले जात असे. मातीच्या माठात पाणी गार होते, तसेच येथेही होत असावे, हा तर्क वरकरणी बिनतोड होता. त्याला धक्का दिला तो लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने. त्यांचा ‘दवावरील निबंध’ १८१४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. वस्तू आधी आकाशाकडे उष्णता टाकून निवतात आणि मग त्यांवर दव धरते, हे त्यांनी दाखवले. भारतातील बर्फाविषयी त्यांनी एका साध्या गोष्टीवर बोट ठेवले. परळांखालचा काडीकचरा कोरडा असावा लागतो. बाष्पीभवनाने बर्फ होत असेल तर काड्या ओल्या असल्याने काम अधिक चांगले व्हावयास हवे. प्रत्यक्षात ते बिघडते. कारण उघड आहे. कोरड्या काड्यांतील हवा जमिनीची ऊब परळांपर्यंत पोहोचू देत नाही. ओल्या, दबलेल्या काड्या ती पोहोचू देतात. कारागिरांना हा सिद्धांत ठाऊक नव्हता, पण त्याचा उपयोग ते अचूक करीत होते.

वेल्स यांनी लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके गवतावर, खडीच्या वाटेवर आणि बागेतील उघड्या मातीवर ठेवून रात्रभरात त्यांवर धरलेले दव तोलले होते. सर्वांत अधिक दव गवतावरील लोकरीवर धरले. खडी आणि माती यांना खालून ऊब मिळत होती. गवतावरील पुंजका मात्र हवेच्या गादीवर तरंगत होता. दहिवराच्या सकाळी गावाबाहेर पडणाऱ्या कोणासही हेच दृश्य दिसते. बांधावरचे गवत, पडलेला पेंढा, लाकडाची फळी ही पांढरी असतात. त्यांच्या मधून जाणारी पायांनी चोपून घट्ट झालेली वाट काळीच राहते.

बर्फ करणारा जे मुद्दाम करीत असे ते शेतकऱ्याच्या हातून नकळत घडते, आणि येथे या विषयाचे खरे गांभीर्य आहे. खुरपणी किंवा कोळपणी करून वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत करणे ही चांगल्या शेतीची खूण मानली जाते, आणि ती आहेच. त्या मोकळ्या थरामुळे खालची ओल टिकते. पण ओलीला जो थर वर येऊ देत नाही, तोच ऊबेलाही वर येऊ देत नाही. थंडीची लाट येऊ घातली असता केलेली कोळपणी म्हणजे पिकाखाली कोरड्या काड्यांचा थर घालण्यासारखेच होय. ओळींमध्ये पेंढ्याचे आच्छादन पसरण्याची शिफारस हल्ली मोठ्या उत्साहाने केली जाते; तिच्याबाबतही हा विवेक ठेवावा लागतो. पेंढ्याखाली झाकलेली माती, मुळे, गाडलेले कंद हे उबेत राहतात. पेंढ्याच्या वर उभी असलेली पाने मात्र उघड्या जमिनीवरील पानांपेक्षा अधिक निवतात. आच्छादन कोणाला वाचवते, हे पीक त्याच्या खाली आहे की वर यावर ठरते. सरसकट उत्तर देणारा सल्ला अपुरा समजावा.

फळबागांत वाढू दिलेले तणही असेच काम करते. कॅलिफोर्नियातील बागांच्या अनुभवावरून असे आढळले आहे की, तणविरहित, घट्ट आणि ओल्या जमिनीवरील बाग सर्वांत उबदार राहते. कोरडी किंवा नुकतीच नांगरलेली जमीन, अथवा उंच गवताने झाकलेली जमीन तिच्याहून साधारण एक ते दोन अंश अधिक निवते. एक-दोन अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतात. पण बटाट्याचे पान शून्याखाली एक-दोन अंशांवरच गोठू लागते, आणि उणे अर्धा व उणे अडीच यांच्यामध्ये त्याचे जगणे-मरणे आहे.

आंब्याची किंवा पपईची कोवळी रोपे वाचवण्यासाठी उत्तर भारतात त्यांच्यावर गवताची खोपटी उभारतात, तीन बाजू झाकतात आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवतात. त्या उघड्या बाजूने सकाळचे ऊन आत येऊन माती तापते आणि रात्री छप्पर तिची ऊब आकाशाकडे जाऊ देत नाही. या खोपटाखाली पुन्हा पेंढा अंथरला, तर अर्धा लाभ हातचा गेला.

पाणी देणे हा मैदानी प्रदेशातील सर्वांत जुना उपाय आहे, आणि तो का फळतो हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. ३० सेंटिमीटर थर भिजला तर पुरे. त्याहून खोल पाणी मुरवण्यात दहिवराच्या दृष्टीने लाभ नाही. पाणी केव्हा द्यावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. लाट येण्याच्या एक-दोन दिवस आधी दिलेल्या पाण्याने भिजलेली जमीन दुपारचे ऊन खोलवर मुरवून घेते आणि रात्री परत करते. ऐन संध्याकाळी, कोरडा वारा सुटलेला असताना केवळ पृष्ठभाग ओला केला तर बाष्पीभवनातच बरीच उष्णता खर्ची पडते. विहिरीच्या पाण्याची गोष्ट थोडी निराळी. पंजाब-हरियाणातील कूपनलिकांचे पाणी भर हिवाळ्यातही २० अंशांहून उबदार येते. पाच सेंटिमीटर उंचीचे असे पाणी शेतात फिरवले आणि ते दहा अंशांनी निवले, तर दर चौरस सेंटिमीटरमागे ५० कॅलरी पदरात पडतात, म्हणजे रात्रीच्या तोट्याचा मोठा हिस्सा. कालव्याचे पाणी रात्रभर उघड्यावरून वाहत आलेले असल्याने इतके उदार नसते.

जमिनीच्या रंगासंबंधी एक समजूत रूढ आहे की, काळी जमीन लवकर तापते तशीच लवकर निवतेही. यातील पूर्वार्ध खरा आहे. दिवसाचे ऊन काळी माती अधिक शोषते. पण रात्रीचे प्रारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे नसते, आणि त्या अवरक्त प्रदेशात पांढरी माती, काळी माती, फार काय पांढरेशुभ्र हिमदेखील, जवळजवळ सारख्याच प्रमाणात उष्णता टाकतात. म्हणजे रंगाची सत्ता फक्त दिवसा चालते. पुणे येथे भारतीय हवामानखात्याचा कृषि-हवामानशास्त्र विभाग १९३२ साली सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे ल. अ. रामदास यांनी काळ्या कापसाच्या जमिनीवर पांढरी भुकटी पसरून मातीचे तापमान कसे उतरते ते मोजून दाखवले होते. ओल कायम असेल तर काळी जमीन रात्रीसाठी अधिक भांडवल घेऊनच सूर्यास्ताला पोहोचते.

रामदास यांच्या नावाशी याहून प्रसिद्ध असा एक शोध जोडलेला आहे. रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, असे पाठ्यपुस्तके सांगत. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ साली दाखवले की, निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर नीचतम तापमान पृष्ठभागावर नसून त्याच्या काही सेंटिमीटर ते काही डेसिमीटर वर असते. उपकरणांत काही दोष असावा, अशी शंका बाहेर बराच काळ घेतली गेली. पण निरीक्षण टिकले. बंगळूरचे रोद्दम नरसिंह, वासुदेव मूर्ती आणि श्रीनिवासन यांनी १९९३ साली त्याची प्रारणाच्या गणितावर आधारलेली उपपत्ती मांडली, आणि पुढे तेथील संशोधकांनी जमिनीलगतच्या हवेतील सूक्ष्म कणांचाही त्यात वाटा असल्याचे प्रतिपादन केले. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे ते असे: जी माती सावकाश निवते, म्हणजे जिला खालून ऊब मिळत राहते, तिच्यावर हा ‘उचललेला’ थंड थर आढळण्याचा संभव अधिक. पायाखालची माती गोठलेली नाही, एवढ्यावरून वीतभर उंचीचे रोप सुरक्षित आहे असे मानता येत नाही.

काश्मीर-लडाखकडे गेले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथे गोठण केवळ पृष्ठभागावर न थांबता मातीत उतरते. पाण्याने भरलेली माती गोठताना दर ग्रॅम पाण्यामागे ८० कॅलरी सोडते, म्हणून ओली जमीन कोरडीपेक्षा सावकाश गोठते. पण ओलीचा हा उपकार बिनखर्चाचा नाही. गोठलेल्या थराकडे खालचे पाणी ओढले जाते, त्याचे बर्फाचे पातळ पापुद्रे तयार होतात आणि जमीन वर उचलली जाते; रोपांची मुळे तुटतात, रस्ते फुगतात. पाणी गोठताना फुगते हेच याचे कारण असते, तर उचल थोडी झाली असती. अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३०च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन वापरून पाहिले. बेंझीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती उचलली गेली. खरे कारण द्रवाच्या ओढीत आहे. जाड वाळूची छिद्रे मोठी असल्याने ही ओढ तेथे दुबळी पडते. घट्ट चिकणमातीत ओढ जबर, पण पाणी हलते अतिशय मंद. दोहोंच्या मधली, गाळाची बारीक माती सर्वांत अधिक उचलली जाते, आणि हिमालयातील नदीकाठच्या शेतीत नेमकी हीच माती विपुल आहे.

महाराष्ट्राला दहिवर अगदीच परके नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात, आणि त्या वेळी गावातील तापमान शून्याच्या कितीतरी वर असते. निफाडच्या द्राक्षमळ्यांत थंडीच्या लाटेत पहाटे पाणी सोडणारे आणि शेकोट्या करणारे बागाईतदार याच तोट्याशी झगडत असतात. त्यांच्या भारी काळ्या जमिनीत ओल असेल तर माती त्यांच्या बाजूची असते.

जमिनीच्या या मदतीला मर्यादा आहेत. वारा घेऊन येणाऱ्या थंडीच्या लाटेत सारी हवाच शून्याखाली गेली, तर वीतभर मातीची पुंजी काय पुरणार? आणि लागोपाठ चार-पाच दिवस धुके राहून ऊन पडले नाही, जसे गंगा-यमुनेच्या मैदानात जानेवारीत वरचेवर घडते, तर भिजलेल्या जमिनीकडेही देण्यासारखे फारसे उरत नाही. धुके असेतोवर ते पांघरुणासारखे पिकाला सांभाळते. ते फिटून आकाश मोकळे झाले म्हणजे पहिली रात्र घातक ठरते.

वायव्येकडील कालव्यांवर वारबंदीने पाणी मिळते. आठवड्यातील ठरलेला वार आणि ठरलेला प्रहर टळला की पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागते. थंडी पाळी पाहून येत नाही. म्हणून इशारा हाती आला असता ज्याच्यापाशी एका कूपनलिकेचे आणि एका रात्रीच्या विजेचे पाणी आहे, त्याला सारे शेत भिजवता येणार नसते. त्याने आधी पाणी द्यावे ते खोलगट भागातील रेताड पट्ट्याला, विशेषतः गेल्या आठवड्यात कोळपणी झालेल्या ओळींना. मग उरलेल्या रेताड भागाला. आणि बांधालगतच्या चोपलेल्या, ओल धरून असलेल्या पोयट्याच्या वाफ्यांना, पाणी उरले तर, शेवटी.